आदरणीय भगिनी आणि मा. प्रशासक

आमच्या सद्गुरूंच्या भक्तांचं इंटरनेटवर एक चर्चापीठ आहे आणि मी त्याचा प्रशासक आहे. हे वाक्य मी निवृत्त झाल्यापासून लग्नात, मुंजीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा दाढ काढल्यावर तोंडात कापूस असतानाही उच्चारलेलं आहे. कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क होतो. माझ्या सहीशिवाय तिथं कागद हलत नसे. निवृत्तीनंतर ती सही घरात रिकामी बसून राहिली आणि मला पित्ताचा त्रास सुरू झाला. मग चर्चापीठावर 'मंजूर' आणि 'नामंजूर' अशी दोन बटणं माझ्या हाती आली आणि तब्येत सुधारली.

चर्चापीठावर भक्त शंका विचारतात, अनुभव लिहितात, आणि नैवेद्याच्या विभागात आज देवाला काय केलं ते सांगतात. त्या विभागात रोज सकाळी पहिली नोंद कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीहून यायची. ती लिहिणारी माझी सख्खी थोरली बहीण, तिथं सासर असलेली अक्का. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. म्हणजे घरी, फोनवर, कार्यात बोलत नव्हतो. चर्चापीठावर बोलत होतो. त्यामुळं चर्चापीठ अपग्रेड करायचं का, हा प्रश्न निघाला तेव्हा बाकीच्यांनी सोयी-गैरसोयींचा विचार केला. मला एवढंच दिसत होतं की हे बदललं की अक्का गेली.

न बोलण्याचं कारण सांगायला लाज वाटते, इतकं ते लहान आहे. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत होती. आमच्या पंचांगाप्रमाणे एकादशी आदल्या दिवशीच झाली होती. अक्काच्या सासरी भागवत एकादशी धरतात, ती नेमकी त्या दिवशी आली. पुरणपोळीची पंगत बसली आणि अक्कानं पिशवीतून भगरीचा स्टीलचा डबा काढून पानाशेजारी ठेवला. पाहुणे एकमेकांना विचारू लागले, आज एकादशी आहे की काय. मला वाटलं, माझ्या वास्तूचा, माझ्या पंचांगाचा आणि माझ्या हेडक्लार्कपदाचा एकदम अपमान झाला. मी भर पंगतीत म्हणालो, "दुधनीचं पंचांग दुधनीत ठेवून यायचं की." अक्कानं डब्याला झाकण लावलं. म्हणाली, "मग मीबी तितंच राहते." आणि राहिली.

पुढं वर्षं गेली. मी फोन केला नाही, कारण मी यजमान होतो. तिनं केला नाही, कारण ती थोरली होती. एके सकाळी चर्चापीठाच्या सभासदत्वासाठी दुधनीहून अर्ज आला. नाव, आडनाव, गाव, सगळं ओळखीचं. मी बराच वेळ त्या अर्जाकडं बघत बसलो, मग 'मंजूर' दाबलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'योग्य पडताळणीअंती.'

तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. ती लिहायची, आज खपली गव्हाची हुग्गी केली. हुग्गी म्हणजे तिकडची खीर. मी खाली लिहायचो, 'आदरणीय भगिनी, उपक्रम स्तुत्य आहे. तथापि हुग्गीत जायफळ अधिक योग्य, वेलदोडा नव्हे.' ती लिहायची, 'मा. प्रशासक महोदय, माझी आई वेलदोडाच घालत होती.' मी लिहायचो, 'आपल्या मातोश्रींविषयी पूर्ण आदर राखून नमूद करतो की त्या जायफळ घालत असत.' परदेशातल्या एका भक्तानं विचारलं की या बाईंच्या आईचं स्वयंपाकघर प्रशासकांना कसं ठाऊक. तो प्रश्न मी विषयांतर म्हणून काढून टाकला.

खरं सांगायचं तर सकाळी उठल्यावर देवाच्या आधी मी ती नोंद बघायचो. नोंद आली म्हणजे अक्का उठली, गुडघ्यांनी तिला स्वयंपाकघरापर्यंत जाऊ दिलं, गॅस आहे, सगळं ठीक आहे. एकदा दोन-तीन दिवस नोंद आली नाही, तेव्हा मी घाबरलो आणि घाबरलेला हेडक्लार्क जे करतो ते केलं. 'नैवेद्य विभागातील सभासदांची अनास्था' या विषयावर निवेदन लिहिलं. त्याखाली दुधनीहून उत्तर आलं, 'ताप होता. आज नुसती साखर ठेवली.' त्या साखरेवर मी काही टीका केली नाही.

माझी बायको अक्काशी फोनवर बोलायची, हे मला माहीत होतं. तिचा फोन सुरू झाला की मी गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालायचो. अर्धं बोलणं तिथं ऐकू येतं. आमच्या तुळशी सारख्या कुजत, आणि शेजारच्या वहिनी मला खताविषयी सल्ला देत.

चर्चापीठाची तांत्रिक बाजू पुण्यातली एक तरुण मुलगी सेवा म्हणून सांभाळते. तिनं कळवलं की आपलं सॉफ्टवेअर फार जुनं झालंय, ज्यांनी बनवलं त्यांनीही त्याचा नाद सोडलाय, तर आपण अपग्रेड करू या. नव्यात सगळं मोबाईलवर नीट दिसेल. फक्त प्रत्येकानं मोबाईल नंबर देऊन, ओटीपी घालून पुन्हा नोंदणी करायची. जुने पासवर्ड चालणार नाहीत.

अक्काकडं बटणांचा फोन. चर्चापीठ ती बघायची मुलानं बंगळूरला जाताना घरी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर. कुठं दाबायचं, मग कुठं दाबायचं, हे त्यानं पाठ करून दिलेलं. त्यातलं काही इकडचं तिकडं झालं की ती मशीन बंद करून जपाला बसणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून चर्चापीठाच्या समितीची अध्यक्षांच्या घरी बैठक भरली तेव्हा मी कडाडून विरोध करायचं ठरवून गेलो. कारण मात्र खरं सांगायचं नव्हतं, त्यामुळं वाटेत रिक्षात दुसरी कारणं तयार केली.

पहिलं कारण अंगठ्याचं. नव्या चर्चापीठावर पसंतीसाठी अंगठ्याचं चित्र होतं. सद्गुरूंच्या फोटोखाली अंगठा दाखवायचा का, असं मी विचारलं. ती मुलगी पुण्याहून व्हिडिओवर होती. म्हणाली, अंगठ्याऐवजी जोडलेले हात ठेवता येतील. मी म्हणालो, बटण दाबून हात जोडले जात नाहीत. ती म्हणाली, मग ते बटणच काढून टाकू या, काका. ती इतकं सहकार्य करत होती की भांडायला जागाच मिळेना.

मग मी जुन्या चर्चापीठाच्या पावित्र्याविषयी बोललो. तेव्हा तिनं नाइलाजानं एक गोष्ट काढली. अनुभवांच्या विभागात एका सभासदानं पत्ते खेळायचं आमंत्रण दिलं होतं आणि मी त्याला इंद्रियनिग्रहावर लांबलचक उत्तर लिहिलं होतं. त्यानं पुन्हा तेच आमंत्रण दिलं, मी पुन्हा समजावलं. असं बरेच दिवस चाललं. तो सभासद म्हणजे जाहिरात टाकणारं यंत्र होतं, आणि असली यंत्रं आत शिरतात म्हणूनच अपग्रेड हवं होतं. अध्यक्ष शेंगा सोलता सोलता थांबले. म्हणाले, तरीच म्हटलं, एवढं समजावून तो सुधारत कसा नाही.

समितीत दोन मतं हो, दोन नाही. पाचवं माझं. मी ते 'अभ्यासासाठी' राखून ठेवलं आणि सभासदांची मतं मागवली. लोकांनी भरभरून लिहिलं. कुणी हो म्हणालं, कुणी नाही, कुणी विषय सोडून मुलीच्या स्थळाचं लिहिलं. सगळ्यांच्या शेवटी दुधनीहून नोंद आली.

'मा. प्रशासक महोदय, मला नव्यातलं जमणार नाही. पण माझ्यापायी कुणाचं अडू नये. इतके दिवस येत होते, बरं वाटत होतं. सर्वांना नमस्कार.'

मला त्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज ऐकू आला. पुन्हा एकदा ती पंगतीतून मुकाट्यानं उठत होती आणि मी पुन्हा यजमान होतो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायकोनं काय झालं विचारलं तर मी कांदा झोंबला म्हणालो. चातुर्मास चालू होता, घरात कांदा नव्हता. बायकोनं ते मान्य केलं, एवढी ती चांगली आहे.

त्या दिवशी मला माझीच फाईल नीट वाचता आली. नामंजूर म्हटलं तर जुनं चर्चापीठ आज ना उद्या बंद पडणारच, तोवर मी जायफळाविषयी लिहीत राहणार. मंजूर म्हटलं तर अक्काला आत आणण्यासाठी मला फोन करावा लागणार. इतके दिवस माझा विरोध त्या फोनला होता. मी अध्यक्षांना कळवलं, माझं मत हो.

पुण्याच्या मुलीनं सांगितलं की ज्यांना जमत नाही त्यांची माहिती आपण आपल्या कॉम्प्युटरवर भरायची. ओटीपी त्यांच्या फोनवर जातो, तो विचारून घ्यायचा. फक्त आधी फोन लावा आणि मग बटण दाबा, कारण तो आकडा थोडाच वेळ चालतो. मी बायकोला विचारून अक्काचा नंबर भरला आणि आधी बटण दाबलं. तो नंबर तिला पाठ होता. तिनं तो लावून फोन माझ्या कानाला चिकटवला आणि स्वतः तुळशीला पाणी घालायला गेली.

"हॅलो, कोण?"

तोंडाला जे सवयीचं होतं तेच बाहेर पडलं. "चर्चापीठाचा प्रशासक बोलतोय."

पलीकडं चालू असलेला नळ बंद झाला. मग अक्का म्हणाली, "बोला की."

"आपल्या फोनवर एक आकडा आला असेल. तो कृपया सांगावा."

"आलाय. पण त्यात लिहिलंय, कुणालाबी सांगू नका म्हणून." ती थांबली. "तुमी कोण लागता माझे, म्हणून सांगू?"

कॉम्प्युटरवर उरलेली वेळ उलटी पळत होती. आयुष्यभर सहीखाली पदनाम लिहिलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर द्यायला फार जड गेलं.

"अक्का," मी म्हणालो, "धाकटा बोलतोय."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. मग चष्मा शोधल्याचा. मग तिनं आकडे वाचायला सुरुवात केली, लहानपणी माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायची त्याच आवाजात, एकेक आकडा मला परत म्हणायला लावत. मी शेवटचा आकडा घातला तोवर वेळ संपली होती.

"संपली वेळ," मी सांगितलं.

"मग दुसरा मागव की, तम्मा. मी कुटं जात न्हाय."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. दुधनीला गेल्यापासून ती मला असं म्हणायची. मधली वर्षं ते कुणी म्हटलं नव्हतं. मी दुसरा आकडा मागवला. तो येईपर्यंत तिनं विचारलं की या खेपेला तुमची एकादशी कधी, आणि सांगता सांगता तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी गुडघ्यांचा विषय निघाला. चौथ्याच्या वेळी जायफळाचा, आणि त्यावर आमचं चांगलंच वाजलं. शेवटी कॉम्प्युटरनं कळवलं की आज फार वेळा प्रयत्न झाले, आता उद्या करा.

मी ते अक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं, उद्या सकाळी नैवेद्य झाल्यावर कर फोन.