ठसा मारणाऱ्याचा हेडफोन

हेडफोन काउंटरवर ठेवत शामराव म्हणाले, "मेश्रामभाऊ, हाही तसाच निघाला जी. आवाज येते, पण बोलते काय, ते समजत नाही."

मी वैतागलो. महिनाभरात एकाच गिऱ्हाइकाला दिलेली ही तिसरी वस्तू होती. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान भंडाऱ्यात, घर वरठीला. रोज सायकलने येणं-जाणं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा इअरफोन मागायला येणारे थोडेच, आणि येणारा प्रत्येक जण स्वस्तातला मागायचा. शामरावांनीही तोच मागितला होता. "घरी बाई म्हणते, रेडिओ लावला का लाऊडस्पीकर? कानात घालायचं काही द्या," असं म्हणून ते पहिल्यांदा आले होते.

पहिला दिला तो क्रिस्टलचा. आत एक खडा असतो, तो वीज मिळाली की थरथरतो. किमतीला सगळ्यात कमी, आवाजाला चिरका. तो परत आला. दुसरा मॅग्नेटिक, म्हणजे आत चुंबक आणि पातळ पत्रा. आवाज जरा भरदार. तोही परत आला. मग नागपूरच्या जुन्या बाजारातून मिलिटरीचा वापरलेला हेडफोन आणला. दोन्ही कान झाकणारा, जड, पण पैशाच्या मानाने फार चांगला. ट्रान्झिस्टरला तो थेट जुळत नाही, म्हणून मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून दिला. आणि आता तोही काउंटरवर येऊन पडला होता.

त्यांनी सोबत आणलेल्या ट्रान्झिस्टरला जोडून मी तो माझ्या कानाला लावून पाहिला. बातम्या चालू होत्या. शब्द न् शब्द स्पष्ट होता.

"शामरावजी, चांगला तर वाजते."

"तुमाले वाजते. मले काहून वाजत नाही?"

या प्रश्नावर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मेकॅनिकची एक खोड असते. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की आम्ही यंत्र उघडतो. मी ट्रान्झिस्टर उघडला. इअरफोनच्या जॅकजवळ एक रेझिस्टर असतो. तो आवाज मुद्दाम कमी ठेवतो, कानावर एकदम जोर पडू नये म्हणून. मी तो काढून टाकला. आवाज दणदणीत झाला. शामरावांनी हेडफोन लावला आणि हसले. "आता कसा! आता भजन बी समजते," म्हणाले. मी खूश झालो. गिऱ्हाईक हसत गेलं की आपण हुशार, असं मला त्या वयात वाटायचं.

शामराव काय काम करायचे, ते इथे सांगायला हवं. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. एका शेठच्या कारखान्यात शामराव तीस वर्षं होते. आधी हातोड्याने पत्रा ठोकणारे, मग ठसा मारणारे. गुंड, म्हणजे पाणी भरायची मोठी घागर, दोन भागांत बनते. ते दोन भाग झाळून, म्हणजे डाख देऊन, जोडतात. सांधा बारीक चिरलेला असला तर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतो. शामराव गुंड डाव्या पंजावर तोलून धरायचे आणि काठावर बोटाने टिचकी मारायचे. चांगला गुंड घुमतो. चिरलेला घुमता घुमता बारीक चरचरतो. चरचर ऐकू आली की गुंड बाजूला, नाही आली की बुडाला कारखान्याचा ठसा. त्यांनी ठसा मारलेला गुंड दुकानदार पुन्हा वाजवून बघत नसत. एवढा त्यांचा मान होता, आणि तीच त्यांची भाकर होती.

दोनेक आठवड्यांनी शामराव पुन्हा आले. हेडफोन आणला नव्हता. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "भाऊ, कानात किरकिर करून राहिली. रेडिओ बंद केला तरी थांबत नाही."

माझी नजर ड्रॉवरकडे गेली. मी काढून टाकलेला रेझिस्टर अजून तिथेच पडलेला होता.

दुकानात मी स्वतः जोडलेलं एक ऑसिलेटर मशीन होतं. ते एकच सूर काढतं. बटण फिरवलं की सूर जाड्यापासून बारीक होत जातो, आधी भुंग्यासारखा, शेवटी शिट्टीसारखा. अॅम्प्लिफायर तपासायला मी ते वापरायचो. त्या दिवशी पहिल्यांदाच माणूस तपासला. चांगला हेडफोन मशीनला लावला, आवाज बेताचा ठेवला आणि तो शामरावांच्या कानांवर चढवला. ऐकू येत असेल तोवर बोट वर धरायला सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. जाडा सूर सुरू केला, बोट वर गेलं. मी बटण फिरवत गेलो. बोट वरच होतं. सूर बारीक झाला आणि बोट हळूहळू खाली आलं. मी आणखी फिरवलं. हेडफोन त्यांच्या कानांवर असूनही ती शिट्टी मला काउंटरच्या अलीकडे ऐकू येत होती. शामराव डोळे मिटून शांत बसले होते.

थोड्या वेळाने म्हणाले, "लावा ना जी. काहून थांबले?"

मी हेडफोन काढला आणि माझ्या कानाला लावून बोट वर धरलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते समजले. समजायला हुशार माणूस होता.

"चरचर याच बारीक सुरात येते ना?" त्यांनी विचारलं.

"होय."

दोष इअरफोनात नव्हता, रेडिओतही नव्हता. तीस वर्षांच्या ठोक्यांनी कानाचा बारीक सूर ऐकणारा भाग खाल्ला होता. शब्दांच्या कडा त्याच सुरात असतात. म्हणून आवाज यायचा आणि शब्द कळायचा नाही. हे कारखान्यात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? तर तिथे ठोके चालू असताना कोणी बोलतच नाही. हातोडा हवा, पाणी हवं, भट्टी वाढव, सगळं हाताच्या खुणांनी. अशा जागी माणूस बहिरा झाला तरी कामात तसूभर फरक पडत नाही. फरक फक्त ठसा मारणाऱ्याला पडतो.

मी म्हटलं, "नागपूरले कानाच्या डॉक्टरले दाखवू. मी येतो संगं."

"दाखवू. पण शेठले सांगू नका, भाऊ. ठसा गेला तर माह्याजवळ काय राह्यते?"

डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि मोठ्या आवाजाचा हेडफोन ताबडतोब बंद करा. हेडफोनचं बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

पुढच्या आठवड्यात खुद्द शेठ टेपरेकॉर्डर न्यायला दुकानात आले. जाता जाता म्हणाले, "आमचा शामराव तुमच्याकडे कायले येऊन राहिला? कानबिन ठीक आहे ना त्याचा?"

"रेडिओ जुना आहे त्यांचा," मी म्हणालो.

हे खोटं होतं. दया म्हणून बोललो, असं मी स्वतःला सांगितलं.

लग्नसराईत करडी गावचा एक शेतकरी एक गुंड घेऊन कारखान्यात आला. मुलीला आंदण दिलेला गुंड सासरी पहिल्यांदा भरला आणि सांध्यातून गळायला लागला. चार बायांसमोर मुलीची मान खाली गेली. बुडाला ठसा स्पष्ट होता. शेठ संतापले. शामरावांचा कान चुकेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांनी झाळणाऱ्या मारोतीला बोलावलं. "ठसा मारल्यावर पुन्हा हात लावला असशील. उद्यापासून येऊ नको," म्हणाले. मारोती रडकुंडीला आला.

त्याच दुपारी शामराव माझ्या दुकानात आले. धाप लागली होती.

"भाऊ, ते मशीन घ्या. आवाजाचा डबाही घ्या. कारखान्यात चला."

"शामरावजी, विचार करा. ठसा जाईल."

"पोराबाळाचा माणूस हाय मारोती. त्याचं काम काय म्हणून जाईन?"

कारखान्यात त्यांनी हात वर करून खूण केली. ठोके थांबले. ती जागा शांत झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. शेठ आणि करडीचा तो शेतकरी दारातल्या बाकावर होते. ठोकणारे आपापल्या ऐरणीमागे रांगेने बसलेले. शामराव मधोमध स्टुलावर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "शेठ, गुंड मारोतीनं नाही बिघडवला. तो माह्या हातून गेला. कसा गेला, ते पाहा."

मी मशीनला स्पीकर जोडला. जाडा सूर सुरू केला. शामरावांचं बोट वर गेलं. बटण फिरवत गेलो. बोट खाली आलं. सूर आणखी बारीक झाला, सुईसारखा टोचायला लागला. शेठनी कानावर हात ठेवला. शेतकऱ्याने तोंड वाकडं केलं. शामराव डोळे मिटून बसले होते.

शेठ काही बोलणार, तेवढ्यात माझी नजर रांगेवर गेली. नुकतेच लागलेले दोघे टोकाला बसले होते, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. बाकीचे सगळे माझ्या मशीनकडे बघत निवांत बसलेले. त्यातल्या एकाने शेजाऱ्याला हाताने खूण केली, बंद पडलं का? शेजाऱ्याने खांदे उडवले.

शेठनी ते पाहिलं. त्यांचा कानावरचा हात खाली आला. मी मशीन बंद केलं. बंद केलं हेही रांगेतल्या माणसांना कळलं नाही.

मारोतीचं काम राहिलं. शेतकऱ्याला नवा गुंड मिळाला, तो त्याने स्वतः भरून पाहून नेला. आता ठसा कोणाकडे द्यायचा, हा प्रश्न होता. जुन्या माणसांपैकी एकाचाही कान चालणार नव्हता. शेवटी मागच्या अंगणात चिंचेने भांडी घासणाऱ्या सखूबाईंना तो मिळाला, कारण त्या ठोक्यांपासून लांब बसायच्या. टिचकी कुठे मारायची, गुंड कसा तोलायचा, हे त्यांना शामरावांनीच शिकवलं. नंतर शामराव त्यांच्या जागी भांडी घासू लागले. मजुरी कमी झाली. त्याबद्दल ते माझ्याजवळ कधी बोलले नाहीत, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. शेठनी सगळ्यांना कानात घालायला कापूस दिला. तो आठवडाभर टिकला.

स्वस्तातला इअरफोन कोणता घ्यावा, असं लोक मला अजूनही विचारतात. मी सांगतो, आवाज कमी ठेवूनही ज्यात शब्द समजतो, तो घ्या. आणि कोणत्याच इअरफोनात समजत नसेल, तर खरेदी थांबवा आणि आधी कान दाखवा. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात कारखान्याच्या सुटीच्या दिवशी ठोकणारे एकेक करून दुकानात यायला लागले. इअरफोन बघायला आलो, म्हणायचे. मग इकडे-तिकडे बघून हळूच स्टुलावर बसायचे आणि डोळे मिटून बोट वर धरायचे.