नदी बाटली

खालापूरच्या खाली पाताळगंगेवर एका गावाचे दोन पाणवठे होते. वरचा गावाचा, खालचा बौद्धवाडीचा. छप्पन साली वाडीनं धर्म बदलला, पाणवठा काही बदलला नाही. दोन्हींच्या मधोमध एका कारखान्याचा नाला नदीत पडायचा. जागा शोधावी तर अशी.

सुंदरा खालच्या पाणवठ्यावरची. आणीबाणीच्या आगेमागे मुंबईच्या केरकरबाई तिच्याकडे आल्या. खाडीत मासळी घटत होती, म्हणून नदीतून खाली काय जातं ते त्या तपासत होत्या. दर अमावास्येला सुंदरानं पाण्यात उभं राहून रेशमी कापडाची जाळी धारेत धरायची आणि तळाला साचेल ते बाटलीत भरायचं. बाईंनी एकदा तिला भिंगातून दाखवलं. हिरव्या काड्या, चक्रं, वळवळणारे जीव.

"हेच खाऊन मासे जगतात," बाई म्हणाल्या.

"एवढ्याशावर? मग आमच्यासारखेच की."

पावसात जाळीत नुसता गाळ यायचा, थंडीत हिरवा साका धरायचा. त्या थंडीत मात्र जाळी गेली तशी पांढरी वर आली. बाई म्हणाल्या, "पुढची थंडीही अशीच गेली तर नाला बंद करायला लावीन." सुंदराच्या नातीच्या अंगावर त्या पाण्यानं खरूज उठली होती. तिनं बाईंचा शब्द पदराला बांधून ठेवला.

मग बाई हे सांगायला मालोजी पाटलांच्या ओटीवर गेल्या. कारखान्यात पाटलांचे टेंपो लागलेले. पान लावता लावता ते म्हणाले, "नाल्याचं काय नाय बाई. नदी बाटली, दुसरं काय."

"बाटली? कुठंय? भरली का सुंदरानं?" बाईंनी हात पुढे केला.

ओटी पोटभर हसली.

"ती भरते, म्हणून तर बाटली," पाटील म्हणाले. "आमच्या गजाला लावा."

सुंदरा अंगणात उभी होती. तिला कळलं, बाईंना जरा उशिरानं कळलं. पण त्यांना गावात काम करायचं होतं, पाटलांशी वाकडं नको होतं. त्यांनी गजाला लावलं.

"राग नाही ना गं?"

"माझा कसला राग? त्याला पाणवठा तेवढा खालचाच सांगा."

गजा पाटलांचा पुतण्या. वाडीच्या पाणवठ्यात पाय घातला असता तर आईनं उंबरा ओलांडू दिला नसता. तो नाल्याच्या वर, गावाच्या पाण्यात जाळी धरायचा. ती हिरवीगार निघायची. सुंदरानं बाईंना गाठून हे सांगितलं.

"तो तर खालीच भरतो म्हणाला," बाई म्हणाल्या. "काम गेलं म्हणून असं बोलू नये गं."

मुंबईच्या कागदावर नदी सुधारली. नाला वाहत राहिला.

काम संपल्यावर बाई वाडीत निरोप घ्यायला आल्या. सुंदरानं तांब्या पुढं केला. बाईंनी पाण्याकडं पाहिलं, वास घेतला आणि तहान नाही म्हणाल्या.

"घ्या की बाई," सुंदरा म्हणाली. "सुधारलंय."