घरून काम माझं, ओटीपी सरांना

मंडळी, डोकं फिरलंय आज!

सकाळी अंबडला कंपनीत माझ्या लॅपटॉपवर व्हीपीएन बसवलं. म्हणजे आता घरूनही ऑफिसचं काम करता येणार. ओटीपीसाठी मी माझा नंबर सांगायला लागले, तर आयटीवाला प्रशांत म्हणतो, "नाही मॅडम, सगळ्यांचे ओटीपी सरांच्याच मोबाईलवर जातात. आपल्याकडे पहिल्यापासून तसंच आहे."

दुपारी शाळेतून फोन आला, लेकीला ताप भरलाय. तिला घरी आणलं, औषध दिलं आणि लॅपटॉप उघडला. एक कोटेशन आजच पाठवायचं होतं. लॉगिन केलं, ओटीपी गेला सरांना. आणि सर कुठे? पेठकडे कुणाच्या तरी लग्नात. फोन लागेल तर शपथ!

शेवटी तापलेली पोर शेजारच्या काकूंकडे ठेवली आणि गाडी काढून परत अंबड गाठलं. कारण ऑफिसात बसलं की ओटीपी लागत नाही. मग ते व्हीपीएन काय पूजेला ठेवायचं?

माझ्यावर कोटेशन सोडता येतं, साधा ओटीपी नाही? तुमच्याकडेही असंच चालतं का?

आत्ता सरांचा फोन आला. "मॅडम, रेंज आली तर ओटीपीच ओटीपी! तुमच्या नावाने कोणी घुसत होतं का?"

म्हटलं, "हो सर. मीच."