मामांची सुट्टी

शर्टाच्या कारखान्यात काजं करायची म्हणून तिला सगळे काजवालीच म्हणत. बोलायला फटकळ, पण कटिंग मास्तरांपुढे तिचा आवाज एकदम मऊ व्हायचा. मास्तरांना ती मामा म्हणायची, आणि नुसतं तोंडदेखलं नाही. दरवर्षी, वर्ष भरत आलं की मामा तिच्या मशीनपाशी येऊन हळूच सांगायचे, “पोरी, आठवडाभर घरी बस. पगार हातात मिळेल. बोभाटा करू नकोस.”

“फुकट सुट्टी देणारा मालक अजून जन्माला यायचाय,” सासू म्हणायची. काजवालीला राग यायचा. म्हातारीला कुणाचं चांगलं बघवतच नाही! एका सुट्टीत तर तिने मामांसाठी निळा स्वेटर विणला आणि त्याची काजं अशी घट्ट केली की बटण सुटायची बिशाद नव्हती.

यंदा तिला दिवस गेले. कारखान्यात कायम बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळते, हे तिला ठाऊक होतं. तेवढ्या आधारावर बाळ अंगावर पितंय तोवर घरी राहायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं. नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईत घर भागणार नव्हतं. ती ऐटीत ऑफिसात गेली.

“कायम व्हायला सलग वर्षाची नोकरी लागते,” ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. “तुमची दरवर्षी संपते.”

“काहीतरीच काय? लग्नाआधीपासून इथेच आहे मी.”

“दरवर्षी आठवडाभर तुम्हाला काढून टाकतात आणि पुन्हा नव्याने घेतात. मास्तर बोलले नाहीत?”

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. रजा गेल्याचं दुःख होतंच. पण ज्याने आपल्याला हाकललं, त्याचेच आपण वर्षानुवर्षं आभार मानले, हे तिच्या जिव्हारी लागलं.

मामा कापडावर खडूने रेघ मारत होते. अंगात तोच निळा स्वेटर.

“मला वरून हुकूम असतो,” ते मान वर न करता म्हणाले. “तुला वाईट वाटू नये म्हणून सुट्टी म्हणालो.”

“वाटू द्यायचं होतंत, मामा. भांडले तरी असते.”

मामांनी खडू खाली ठेवला.

“काढा तो स्वेटर. उसवून बाळाला करीन. बाळंत झाले की मला लगेच मशीनवर परत यायचंय. मी जवळ नसताना त्याच्या अंगावर काहीतरी ऊब हवी.”

मामा बटणं सोडू लागले. काजं घट्ट होती, म्हाताऱ्या बोटांना जमेना. तिने हात लावला नाही.