मावशींचं नाक

भांगेच्या बियांचं तेल कॅप्सूलमध्ये भरणाऱ्या त्या छोट्याशा कारखान्यात मावशींच्या नाकाचा दरारा होता. पिंप उघडलं की त्या वाकून हुंगायच्या. ‘खवट’ म्हणाल्या की तेल परत! या खेपेला मात्र सर्दीनं नाक पार चोंदलं होतं. पण सांगणार कोण? मावशींनी ऐटीत मान डोलावली आणि माल बाहेर पडला.

तेव्हापासून जिवाला घोर लागला. त्यात धाकट्या जावेचा फोन आला, “जाऊबाई, तुमच्याच कारखान्यातली बाटली आणलीय. तुम्ही बघितलेली, मग कसली काळजी!”

सकाळी त्या तडक साहेबांपुढे उभ्या राहिल्या. “साहेब, चुकलं माझं. वास येत नसताना पिंप पास केलं. प्रयोगशाळेच्या तपासणीत काही निघालं का?”

साहेब हसले. “तपासणी? ती कधीच बंद केली. तुमचं नाक असताना उगाच खर्च कशाला?”

आपण खवटपणा बघायचा, मातीतून बियांत उतरणारं शिसं आणि कीटकनाशक प्रयोगशाळा बघते, असं मावशी इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. शिशाला वास नसतो. सर्दी नसतानाही नसतो.