सड्यावरचा तंबू

हरिश्चंद्र गलबतावरून कायमचा उतरला तो १९५६च्या उन्हाळ्यात. अठरा वर्षं तो देवगडच्या एका गलबतावर खलाशी होता. कौलं, मीठ, सुकी मासळी असा माल घेऊन मुंबईपासून मंगळुरापर्यंत हिंडला. पण त्याचं खरं काम शिडाचं. शीड फाटलं की शिवायचं, दोर झिजला की नवा वळायचा. वारा फिरायचा असला की गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या आधी हरिश्चंद्राच्या मानेला कळायचं. मग मालकाने गलबत विकलं आणि इंजिनाची लाँच घेतली. लाँचीला शीड नव्हतं, तेव्हा शिडाच्या माणसाचंही काम उरलं नाही.

घरी त्याची बायको यशोदा. भातशेतीचे दोन कुणगे, अंगणातले चार माड आणि सासूचं आजारपण हे सगळं तिने इतकी वर्षं एकटीने निभावलेलं. नवरा घरी आला याचा तिला आनंद होता, पण आता या माणसाचं करायचं काय, हे तिला समजेना. नांगर धरला की त्याचं तास वाकडं जाई. शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याला झोप लागत नसे. जमीन हलत नाही, ही त्याची तक्रार. पहाटेच उठून तो अंगणात जाऊन उभा राही.

"आता खंय जातल्यात?" यशोदा आतून विचारी. "हंय दर्या नाय."

अशी दोन वर्षं गेली.

१९५८च्या दिवाळीनंतर गावात रस्त्याची मोजणी करणारी तुकडी आली. सड्यावरच्या वाड्या तळेऱ्याच्या मोठ्या रस्त्याला जोडायच्या होत्या, आणि एक फाटा खाली कुणकेश्वराच्या बाजूला न्यायचा होता. तुकडीचा प्रमुख गुरुदास वालावलकर. आडनाव इथलंच, पण जन्म गिरगावातला, वय सव्वीस. मोजणीची साखळी धरायला माणसं हवी होती, म्हणून हरिश्चंद्र गेला.

पहिल्याच दिवशी सड्यावर तंबूचा तमाशा झाला. सडा म्हणजे सगळा कातळ. लोखंडी मेख घणाने ठोकली की ठिणगी उडे आणि मेख वाकडी होई. दुपारपर्यंत सहा मेखा वाकल्या, तंबू तीनदा उभा राहिला आणि तीनदा वालावलकरांच्या डोक्यावर बसला. स्वयंपाकाचा बाबू, कणकवलीचा, बाजूला चूल पेटवत होता आणि वारा ती विझवत होता.

हरिश्चंद्र बाजूला बसून बघत होता. शेवटी उठला.

"सायब, कातळात मेख जावची नाय. माका वायच येळ देवा."

"किती वेळ?"

"तुमचो चाय पिऊन जायसर."

त्याने मेखा गोळा करून पेटीत टाकल्या. चिरे गोळा केले. तंबू ताणून धरणाऱ्या प्रत्येक दोराचं, तणाव्याचं, टोक एका लांबट चिऱ्याला बांधलं आणि त्याच्यापुढे दुसरा जड चिरा लावला, म्हणजे वारा ओढेल तसा पहिला दुसऱ्याला जाऊन भिडेल. गाठ अशी मारली की एका झटक्यात सुटावी आणि नाहीतर बैलाने ओढली तरी सुटू नये. मग तंबूचं दार फिरवलं. दार समुद्राकडे होतं, साहेबांना देखावा हवा होता म्हणून.

"सकाळी मतलई सुटता, जमनीवरसून. दुपारी दर्यावरचो वारो येता. दार दक्षिणेक करा, दोनय वारे कुशीक लागतीत."

चहा संपायच्या आत तंबू उभा राहिला. वालावलकरांनी एक तणावा ओढून पाहिला. तो ताणलेल्या तारेसारखा वाजला.

त्या दिवसापासून हरिश्चंद्राने साखळी सोडली आणि मुक्काम हातात घेतला. कुणी नेमलं नाही, पण कुणी अडवलंही नाही. रॉकेलच्या रिकाम्या डब्याची एक बाजू कापून त्याने बाबूला चूल करून दिली. वाऱ्याकडे पाठ केली की तिच्यात तीन काटक्यांवर भात शिजे. पाण्याच्या मडक्याला ओलं किंतान गुंडाळून ते करवंदीच्या सावलीत, वाऱ्याच्या तोंडावर टांगलं. उन्हातून आलेल्या माणसाच्या दातांना कळ यावी इतकं पाणी गार होई. डास आले की नारळाची सोडणं धुमसत ठेवून वर निगडीचा ओला पाला टाकायचा.

आणि खाट. तिचं वालावलकरांना सगळ्यात अप्रूप वाटलं. सड्यावर विंचू फार, जमिनीवर झोपायची सोय नाही. हरिश्चंद्राने दोन पोती घेतली, त्यांचे तळाचे कोपरे कापले आणि दोन्ही बाजूंनी एकेक जाड बांबू आरपार ओवला. बांबूंच्या टोकांना आडवे दांडे काथ्याने असे आवळले, की पोतं शिडासारखं ताठ झालं. खाली चार खुंट्या, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक खुंटीखाली पाण्याने भरलेली करवंटी. वर पेंढ्याची गादी.

दुसऱ्या दिवशी वालावलकर उशिरा उठले. "हरिश्चंद्र," ते म्हणाले, "आईच्या घरीसुद्धा अशी झोप लागली नव्हती."

 त्या रात्री तंबूत हरिश्चंद्रालाही झोप लागली होती. डोक्यावर कापड फडफडत होतं, दोर कुरकुरत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा तो सकाळी दुसऱ्याने हाक मारल्यावर उठला होता.

पुढे मुक्काम खाली कुणकेश्वरच्या वाळूत गेला. तिथे दगड नव्हते आणि वाळूत मेख ठरत नव्हती. त्याने पोती वाळूने भरून हातभर खोल पुरली आणि तणावे त्यांना बांधले. वालावलकर खिशातल्या वहीत हे सगळं चित्रं काढून लिहून घ्यायचे. हरिश्चंद्राला ते पाहून हसू येई. पुरलेल्या पोत्यात लिहिण्यासारखं काय आहे, त्याला कळत नसे.

यशोदा एकदा भाजी-भाकरी घेऊन तिथे आली. तंबू पाहिला, मडकं पाहिलं, मग खाटेपाशी थांबली. हाताने दाबून पाहिली.

"अठरा वर्सां मी एकटी जमनीर निजलंय," ती म्हणाली, "आणि हंय सायबाक खाट?"

बाबू तोंड फिरवून हसला. हरिश्चंद्राचा चेहरा उतरला. त्या रविवारी तो घरी गेला आणि दिवसभर ओटीवर बसून त्याने तिच्यासाठी खाट बांधली. पोत्याऐवजी त्याने ट्रंकेतून जुन्या शिडाचा तुकडा काढला. गलबत विकलं तेव्हा मालकाकडून एवढं एकच त्याने मागून घेतलं होतं. यशोदा त्या खाटेवर बसली, दोन्ही हातांनी कापड चाचपलं आणि म्हणाली, "खारट वास येता हो." पण तिने ते धुतलं नाही.

पुढच्या वर्षी, १९५९च्या एप्रिलअखेर, तुकडी परत सड्यावर होती. सहा महिन्यांच्या मोजणीचे नकाशे पुरे होत आले होते. मोठ्या तंबूत टेबलावर ते पसरलेले असत. एका दुपारी वारा एकदम पडला. पानही हलेना. हरिश्चंद्र बाहेर आला. समुद्राचा रंग शिशासारखा झाला होता आणि घार एकही नव्हती.

तो आत गेला. "सायब, तंबू उतरवूक व्हयो. आत्ताच्या आत्ता."

"उतरवायचा? वारा येणार असेल तर आणखी घट्ट बांध."

"ह्या वाऱ्याक बांधून भागाचा नाय. आमी शीड उतरवतंव. हो पण कपडोच मां?"

"हे गलबत नाही, हरिश्चंद्र. सरकारी तंबू आहे. आणि नकाशांची शाई ओली आहे अजून."

वालावलकरांनी सगळ्यांना हाक मारली आणि बाबूच्या स्वयंपाकाच्या तंबूचे दोर धरायला पाठवलं. स्वतःही तिकडे धावले. हरिश्चंद्र टेबलापाशी एकटा राहिला. हुकूम मोडला तर काम जाणार, हे त्याला ठाऊक होतं. काम गेलं तर परत तेच अंगण, तीच न हलणारी जमीन.  तरी त्याने नकाशे गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत घातले, ट्रंक टेबलाखाली सरकवली, बाहेर येऊन चारही बाजूंच्या गाठी झटक्यासरशी सोडल्या आणि मधला खांब आडवा केला. तंबू ट्रंकेवर सपाट बसला. त्याने कडांवर चिरे ठेवले.

वालावलकर परत आले ते ओरडतच. "काय केलंस हे! उद्यापासून येऊ नकोस तू!"

हरिश्चंद्र आणखी एक चिरा उचलून कडेवर ठेवत होता. खालच्या झाडांतून आधी आवाज आला, मग वारा. दोघे तंबूच्या कडेवर पालथे पडले. पलीकडे चार माणसं बाबूच्या तंबूचे दोर धरून उभी होती. तंबू फुगला, एकदा वर उचलला गेला, आणि टर्रकन फाटून करवंदीच्या जाळीपलीकडे गेला. एकाच्या तळहातांची साल निघाली. मागोमाग गारा आणि पाऊस.

अर्ध्या तासाने सगळं थांबलं. वालावलकरांनी चिरे बाजूला केले, कापड वर करून ट्रंक उघडली. एका नकाशावर शाई थोडी पसरली होती. बाकी सगळे कोरडे.  ट्रंकेपाशी उकिडवे बसूनच ते केसांतलं पाणी पुसत म्हणाले,

"आता हा परत उभा कसा करायचा, ते सांगा."

'सांग' नाही, 'सांगा.' हरिश्चंद्राने ऐकलं, पण तसं दाखवलं नाही. फाटलेला तंबू त्याने दोन दिवस बसून शिडाच्या सुईने शिवला. टाके इतके बारीक, की मागाहून आलेल्या अधिकाऱ्याला तो फाटला होता हे पटेना.

मोजणी संपल्यावर वालावलकरांची बदली विदर्भात झाली. वर्षाने त्यांचं कार्ड आलं. शाळेतल्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं: इथली जमीन काळी आहे, पावसात मेखा आपोआप वर येतात, काय करावं? हरिश्चंद्राने काळी जमीन कधी पाहिली नव्हती. तिला भेगा पडतात का, चिखल बोटाला चिकटतो का, हे आधी विचारणारं कार्ड त्याने मास्तरांकडून लिहून घेतलं. अशी चार-पाच कार्डं गेली-आली. आलेली सगळी त्याने कौलाखाली खोचून ठेवली.

रस्ता १९६३ला झाला आणि त्यावरून एसटी धावू लागली. यशोदाच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं तेव्हा तिला घेऊन तो कणकवलीला निघाला. गाडीने सड्यावर यायला जेमतेम वीस मिनिटं घेतली. हरिश्चंद्र खिडकीला नाक लावून बसला होता.

"हंय आमचो पयलो तंबू," तो म्हणाला. ती बघेपर्यंत ती जागा मागे गेली. "आणि त्या बाजूक बाबूची चूल."

यशोदाने त्याच्याकडे पाहिलं. "गलबताची इतकी आठवण कधी काढल्यात नाय तुमी."

 खरंच होतं ते.

"गलबत मालकाचा होता," तो म्हणाला, आणि परत बाहेर बघू लागला. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून कणकवली येईपर्यंत तो एकेक जागा सांगत राहिला.