मधात न बोलणाऱ्या मॅडम

अमरावतीला आमच्या विद्यापीठात समुपदेशनाच्या खोलीत अकोल्याच्या एक मॅडम बसतात. समोरचं पोर रडायला लागलं तरी त्या "रडू नको" म्हणत नाहीत, नुसत्या बसून राहतात. सुरुवातीला मला ते कोरडं वाटायचं.

मागल्या वर्षी माझ्या वर्गातली तेल्हाऱ्याची एक विद्यार्थिनी बोलेनाशी झाली. मी तिला मॅडमकडे नेलं. हे कळताच तिला कायमची घरी न्यायला वडील तणतणत आले.

"काय सांगतलं पोरीनं तुमाले?"

"ते तिचं हाय, भाऊ. मी नाही सांगणार. तिलेच विचारा, पण मधात बोलू नका."

ते ओरडले, तक्रारीची धमकी दिली. मॅडम हलल्या नाहीत. त्यांनी मुलीला बोलावून विचारलं, "बोलशीन का बाबाशी?" तिनं मान डोलावली, तेव्हा दोघांना आत बसवून त्या माझ्याजवळ व्हरांड्यात आल्या.

आतून बराच वेळ फक्त मुलीचा आवाज येत राहिला.

"तुमची पद्धत तरी कोणती, मॅडम?" मी विचारलं.

"चूप राहणं. अजूनबी लय जड जाते मले."

संध्याकाळच्या एसटीनं वडील तेल्हाऱ्याला परतले, एकटेच.